सांधा आधी जुळवा, मग लिंपा



या सदराकडे परदेशातून येणाऱ्या पत्रांत बहुधा भिंतीतली ओल, वाढते वीजबिल किंवा मुलांची खोली असे विषय असतात. या वेळी इंग्लंडमधून आलेले एका भगिनीचे पत्र वेगळे आहे. त्यांनी एका ओळीतले जुने विटांचे घर घेतले आहे. बैठकीच्या खोलीत पूर्वीची शेकोटीची जागा आहे, ती फळी ठोकून बंद केलेली होती. गॅसचे बिल परवडत नाही म्हणून तिथे लाकडावर चालणारी, काचेच्या दाराची लोखंडी शेगडी बसवायची आहे. जुन्या शेकोटीच्या पोकळीत सरकवून बसवायच्या या शेगडीला तिकडे 'इन्सर्ट' म्हणतात. घरातले पुरुष म्हणतात की कारागिराची गरज नाही. धुराड्यात स्टीलची नळी सोडायची आणि सांध्यांना फायर सिमेंट लावायचे, झाले काम. भगिनी विचारतात, "सांध्याला नेमके काय लावावे म्हणजे धूर घरात येणार नाही?"

थोडक्यात उत्तर असे, की लावलेल्या वस्तूच्या जोरावर सांधा टिकत नाही. सांधा नीट जुळलेला असेल तरच लावलेली वस्तू टिकते. दमाच्या बिर्याणीच्या भांड्याला कणीक लावतो ना, तसेच हे आहे. झाकण भांड्यावर बेताचे बसत असेल तर कणकेची एक वळी पुरते. झाकण वाकडे असेल तर कितीही कणीक थापा, वाफ कुठून तरी वाट काढतेच. फरक इतकाच की बिर्याणीची वाफ निसटली तर भात कच्चा राहतो. शेगडीच्या सांध्यातून जे निसटते, त्याने झोपलेला माणूस पुन्हा उठत नाही.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या कित्येक घरांची मुले-बाळे आज ब्रिटनमध्ये आहेत. त्यांच्यापैकी अनेक जण अशाच जुन्या घरांत राहतात. म्हणून या एका प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देत आहे.

जुने धुराडे, नवी शेगडी

ब्रिटनमधल्या जुन्या घरांत प्रत्येक खोलीला शेकोटी असे आणि प्रत्येक शेकोटीचे धुराडे भिंतीतून छतापर्यंत जाई. आत कोळसा जळायचा. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर विषारी धुके पसरून हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. पुढे घरोघरी गॅस आला आणि शेकोट्या बुजवल्या गेल्या. धुराडी मात्र भिंतीत तशीच उभी राहिली. आता इंधन महागल्यावर लोक तीच धुराडी पुन्हा वापरात आणू पाहतात.

ही धुराडी साधारण नऊ इंच लांब आणि नऊ इंच रुंद असतात. आतून चुन्याचा गिलावा केलेला असतो. उघड्या शेकोटीला एवढी मोठी वाट लागत असे, कारण ती खोलीतली पुष्कळ हवा धुराबरोबर वर ओढून नेई. बंद दाराच्या शेगडीतून निघणारा धूर त्या मानाने फार थोडा असतो. रुंद धुराड्यात तो रेंगाळतो, थंड होतो आणि त्यातली वाफ व डांबर भिंतींना चिकटते. शंभर वर्षांच्या धुराने विटांमधला चुना आधीच खाल्लेला असतो. कित्येक ठिकाणी तो बोटाने उकरला तरी भुगा होऊन पडतो.

म्हणून जुन्या धुराड्यात शेगडीच्या मापाची नळी, म्हणजे लायनर, सोडावी लागते. घरगुती शेगडीसाठी बहुधा १५० मिलिमीटर व्यासाची नळी लागते. काही कमी धुराच्या, मान्यताप्राप्त शेगड्यांना १२५ मिलिमीटरची चालते. धूर नीट ओढला जावा म्हणून शेगडीच्या तोंडापासून वरच्या टोकापर्यंत साधारण साडेचार मीटर उंची तरी हवी.

नळी न घालता शेगडी नुसती पोकळीत सरकवण्याचा प्रकार पूर्वी झालेला आहे. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले तेव्हा अमेरिकेत अनेक घरांत असे इन्सर्ट बसले. धूर मागच्या पोकळीत सुटे आणि जमेल तसा वर जाई. धुराडी डांबराने भरली आणि त्यांना आगी लागू लागल्या. शेगडीचे तोंड थेट नळीला जोडलेच पाहिजे, हा आजचा आग्रह अशा अनुभवातून आलेला आहे.

सांध्यातून काय गळते

धूर डोळ्यांना झोंबतो, वास येतो, म्हणून आपण सावध होतो. खरा धोका धुराबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा आहे. या वायूला रंग नाही आणि वास नाही. रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूला जितके धरते, त्याच्या दोनशे पटींहून अधिक ओढीने ते या वायूला धरते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण थोडे असले, तरी शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, हातापायांतले बळ जाते. माणूस झोपेत असेल तर यातले काहीच कळत नाही.

"शेगडी पेटली की धूर वर ओढला जातो, मग सांध्यातून बाहेर येईलच कसा?" असे अनेकांना वाटते. हे अर्धे खरे आहे. नळी चांगली तापलेली असते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. अशा वेळी सैल सांध्यातून धूर बाहेर येण्याऐवजी थंड हवाच आत शिरते. पण तेही नुकसानच आहे. थंड हवेने धूर निवतो, ओढ कमी होते आणि डांबर साचते. साचलेल्या डांबराने वाट अरुंद झाली, वाऱ्याचा उलटा झोत आला, किंवा रात्री निखारे मंद होऊन नळी थंड पडली, की दाब उलटतो. मग तोच सांधा वायू बाहेर सोडू लागतो. म्हणजे दिवसा आपण समोर बसलेले असताना जो सांधा निर्दोष वाटतो, तो आपण झोपल्यावर गळू शकतो.

आणि तो गळतो कुठे? बैठकीच्या खोलीत आपल्यासमोर गळेलच असे नाही. धुराडे वरच्या मजल्यावरच्या झोपण्याच्या खोलीच्या भिंतीतून जाते. ओळीतल्या घरांत तर दोन घरांची धुराडी एकाच सामाईक भिंतीत शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यामध्ये फक्त एका विटेच्या जाडीचा आडोसा असतो. त्यातला चुना झडला असेल, तर आपला वायू शेजाऱ्याच्या खोलीत जाऊ शकतो. शेगडी आपण पेटवतो, ऊब आपल्याला मिळते आणि धोका वर झोपलेल्या मुलांच्या किंवा भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या जोडप्याच्या वाट्याला येतो. शेजाऱ्याचा हक्क आपण मानतो. इथे तो हक्क एका न दिसणाऱ्या सांध्यात आहे, हे ध्यानात असू द्या.

सर्वांत चांगला सांधा म्हणजे नसलेला सांधा

जुन्या धुराड्यात सोडायची लवचीक नळी स्टेनलेस स्टीलच्या पट्टीची, दोन थरांची असते. लाकडाच्या धुरासाठी असलेलीच नळी घ्यावी. गॅसच्या शेगडीसाठी एका थराची मिळते, ती इथे चालत नाही. ही नळी वरून खालपर्यंत अखंड असावी. दोन तुकडे मध्येच जोडून चालत नाही, कारण धुराड्याच्या पोटातला तो जोड नंतर कोणाला दिसणार नाही आणि तिथे कोणाचा हात पोचणार नाही. माप नीट घ्या आणि थोडी लांब नळी मागवा. अशा नळीला दोनच सांधे राहतात, एक खाली शेगडीपाशी आणि एक वर छतापाशी.

जुनी नळी आधीच घातलेली असेल तर "आहे तीच जोडू" हा मोह टाळा. नळी अलीकडेच बसवलेली आहे आणि चांगल्या स्थितीत आहे याची खात्री नसेल, तर नव्या शेगडीबरोबर नळीही नवी घ्यावी.

दिशा चुकली की सगळे चुकले

नळीवर बाण छापलेला असतो. तो धुराची दिशा दाखवतो, म्हणजे वर. नळीच्या आतल्या थराची पट्टी अशी गुंडाळलेली असते, की वरून ओघळणारे डांबर व पाणी आतल्या आत खाली यावे. नळी उलटी घातली तर तेच डांबर पट्टीच्या कडांत अडकते, आतला थर कुजतो आणि काही वर्षांत नळी भोके पडून निकामी होते.

शेगडीच्या वर कडक पाइपचे तुकडे जोडायचे असतील, तर तिथेही हाच नियम आहे. पाइपचे रुंद तोंड वरच्या बाजूला हवे आणि वरच्या पाइपचे अरुंद टोक खालच्या पाइपच्या रुंद तोंडात उतरले पाहिजे. पुष्कळांना हे उलटे वाटते. धूर खालून वर जातो, तर खालचा पाइप वरच्यात घालावा असे मनाला पटते. पण सांधा धुरासाठी नव्हे, ओघळणाऱ्या पाण्यासाठी असा ठेवायचा असतो. आपल्याकडे पन्हळीचे पाणी उतरवणारा पाइप आठवा. वरचा तुकडा खालच्यात बसवलेला असतो, म्हणून पाणी सांध्यातून बाहेर ठिबकत नाही. इथे पाण्याच्या जागी डांबर आहे. सांधा उलटा असेल तर ते काळे, चिकट पाणी पाइपच्या बाहेरून ओघळते, भिंतीवर डाग पडतात, सिमेंट निघते आणि मग वायूलाही वाट मिळते.

क्रम सोडू नका

सांधा बंद करण्याचा क्रम असा ठेवावा.

पहिले, साफसफाई. दोन्ही टोके तारेच्या ब्रशने घासून काजळी, गंज आणि तेलकटपणा काढा. घाणीवर लावलेले सिमेंट धातूला धरत नाही, घाणीला धरते.

दुसरे, कोरडी जुळणी. काहीही न लावता सांधा बसवून पाहा. चहूबाजूंनी फट सारखी हवी. एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट असेल, तर माप चुकले आहे किंवा नळी तिरकी आली आहे. ही चूक सिमेंटने झाकायची नाही, दुरुस्त करायची. नळी आणि शेगडीच्या मापात फरक असेल तर त्यासाठी योग्य मापाचा अडॅप्टर मिळतो. पत्रा वाकवून केलेला जुगाड इथे नको.

तिसरे, पक्के धरणे. सांधा स्क्रूने धरलेला हवा. नळी आणि अडॅप्टर यांच्यामध्ये साधारणपणे समान अंतरावर तीन स्टेनलेस स्टीलचे स्क्रू असतात. हे का, ते एका हिशेबाने कळेल. आठ मीटर लांबीची सरळ स्टेनलेस स्टीलची नळी सरासरी अडीचशे अंशांनी तापली, तर ती सुमारे तीन सेंटिमीटर वाढते आणि थंड झाली की तेवढीच आखडते. लवचीक नळीच्या वळ्या यातली बरीच वाढ पोटात घेतात, पण ओढ आणि ढकल सांध्यापर्यंत पोचतेच. रोज हे घडत असताना नुसत्या सिमेंटने धरलेला सांधा किती दिवस टिकेल?

चौथे, लिंपणे. शेगडीच्या तोंडात पाइप बसतो तिथे फट असेल, तर आधी उष्णता सोसणारी काचतंतूंची दोरी फटीत दाबून भरतात आणि वरून फायर सिमेंट लावतात. दोरी मऊ असल्याने धातूची हालचाल सोसते, सिमेंट वरून तोंड बंद करते. अडॅप्टर आणि नळी यांच्या जोडात सिमेंटचा पातळ, सलग थर द्यावा. जाड गोळे थापू नयेत. जाड थर बाहेरून वाळतो आणि आत ओला राहतो.

पाचवे, धीर. फायर सिमेंटमध्ये पाणी असते. लावल्या लावल्या मोठा जाळ केला तर त्या पाण्याची वाफ होऊन थर फुगतो आणि तडकतो. डब्यावर सांगितलेला वेळ जाऊ द्या, मग दोन-तीन दिवस लहान लहान जाळ करा. थंडी कितीही असली तरी ही घाई महागात पडते.

शेगडीच्या कंपनीने या कामाचे पत्रक दिलेले असते. त्यात दोरी, सिमेंट किंवा स्क्रू याबद्दल वेगळे काही सांगितले असेल, तर त्या शेगडीपुरते ते पत्रकच प्रमाण मानावे.

काय लावू नये

न्हाणीघरातल्या फरशीला लावतात ते सिलिकॉन इथे अजिबात चालत नाही. जास्त उष्णता सोसणारे म्हणून विकले जाणारे लाल सिलिकॉनही साधारण तीनशे अंशांपर्यंतचे असते. शेगडी भरात असताना तिच्या तोंडाशी उष्णता याहून वर जाऊ शकते आणि डांबराने पेट घेतला तर धुराड्यातली उष्णता हजार अंशांच्या आसपास पोचते. चंदेरी चिकटपट्टीचा डिंक जळून जातो. नळाच्या गळतीला लावतात ती इपॉक्सी पुट्टी मऊ पडून जळते. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि साधा सिमेंट-वाळूचा माल तापण्या-निवण्याने तडकतो. ही सगळी साधने आपापल्या जागी उपयोगी आहेत, फक्त ही त्यांची जागा नव्हे.

जिथे हात पोचत नाही

इन्सर्टमध्ये एक खास अडचण असते. उभ्या शेगडीचा पाइप समोर दिसतो. इन्सर्ट मात्र पोकळीत सरकवला की त्याचे तोंड भिंतीआड जाते आणि सांध्यापर्यंत हात पोचत नाही. इथेच अनेकांचा धीर सुटतो. नळी अंदाजाने तोंडावर टेकवतात, हात घालून जमेल तेवढे सिमेंट थापतात आणि शेगडी पुढून बंद करतात.

यावर उपाय आहे. पुष्कळ इन्सर्टमध्ये हा सांधा शेगडीच्या आतून करता येतो. आतल्या वरच्या बाजूची पाटी काढायची, नळीला आधीच पक्का केलेला अडॅप्टर तोंडातून खाली ओढून घ्यायचा आणि आतूनच स्क्रूने आवळायचा. शेगडी विकत घेण्याआधीच दुकानदाराला विचारा, "याचा सांधा आतून करता येतो का, आणि नंतर तो तपासता येतो का?" रंग आणि काचेची डिझाइन यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

वरच्या टोकाचेही थोडे. नळी छतावरच्या भांड्यापाशी पट्टीने टांगलेली हवी. तिचे वजन खालच्या सांध्यावर येता कामा नये. वर पाऊस आणि पक्षी अडवणारी टोपी हवी. तीही लाकडाच्या धुरासाठी असलेलीच. वरून पाणी आत आले तर ते सरळ खालच्या सांध्यावर येते. नळी आणि विटा यांच्यामधली पोकळी कधी कधी ऊब टिकावी म्हणून भरतात. ती साध्या सिमेंटच्या मालाने भरू नये. पर्लाइटसारख्या हलक्या, उष्णता रोखणाऱ्या दाण्यांनी भरावी.

परीक्षा घेतल्याशिवाय पेटवू नका

काम झाल्यावर धुराची परीक्षा घेतात. धूर सोडणारी गोळी शेगडीत ठेवतात, नळीत धूर भरला की वरचे आणि खालचे तोंड बंद करतात. मग घरभर फिरून पाहायचे असते. सांध्यापाशी, वरच्या खोलीत, माळ्यावर आणि शेजाऱ्याच्या घरातही. शेजाऱ्याला आधी सांगून, परवानगी घेऊन जा. यात संकोच कसला? उलट त्यांनाही बरे वाटेल.

दुसरी परीक्षा शेगडी पेटलेली असताना घेतात. दारे-खिडक्या लावून, स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा पूर्ण वेगाने सुरू करून पाहतात की शेगडीतला धूर खोलीत उलटतो का. आपल्या घरांत तळण-भाजण जास्त, त्यामुळे हे पंखे मोठे असतात आणि तासन्‌तास चालतात. घर घट्ट बंद असेल तर पंखा हवा ओढण्यासाठी धुराड्यालाच वाट करतो. सांधा कितीही चांगला असला तरी मग वायू शेगडीच्या तोंडातून खोलीत येतो. म्हणून बाहेरची हवा आत येण्याची कायमची जाळी लागते. इंग्लंडच्या नियमांप्रमाणे जुन्या घरात पाच किलोवॉटच्या वरच्या प्रत्येक किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटर वाट हवी. आठ किलोवॉटच्या शेगडीला ती १,६५० चौरस मिलिमीटर होते. नव्या, हवाबंद घरांत पहिल्या किलोवॉटपासूनच ती मोजतात. थंडी येते म्हणून ही जाळी कापडाने बुजवू नये.

आता कायद्याचे. इंग्लंडमध्ये अशी शेगडी बसवणे हे सरकारदरबारी कळवण्याचे काम आहे. हेटास या संस्थेकडे नोंदणी असलेला कारागीर काम करून स्वतः प्रमाणपत्र देऊ शकतो. स्वतः काम करायला मनाई नाही, पण मग काम सुरू करण्याआधी स्थानिक कौन्सिलच्या बांधकाम विभागाला कळवून त्यांच्याकडून तपासून घ्यावे लागते. म्हणजे घरातल्या पुरुषांची हौस भागू शकते, पण कोणी तरी तिऱ्हाइताने काम पाहिलेच पाहिजे. घर विकताना आणि विमा मागतानाही हा कागद विचारला जातो.

शेगडीच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. शेगडीपासून एक ते तीन मीटरवर, छताला लावला तर भिंतीपासून किमान ३० सेंटिमीटर दूर. स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून ज्या खोलीत धुराडे आहे तिथेही तो लागतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनीही धुराडे ज्या झोपण्याच्या खोलीतून जाते, तिथे एक जास्तीचा अलार्म लावावा. नळीच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही.

रमजानच्या लांब रात्री

रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो आणि आता तो हिवाळ्यात येऊन पोचला आहे. तरावीहनंतर शेगडीत लाकडे भरायची, हवेची खिडकी पूर्ण बंद करायची, म्हणजे सहरीपर्यंत निखारे राहतील आणि उठल्यावर ऊब मिळेल, असा विचार कोणाच्याही मनात येईल. पण हीच सर्वांत वाईट पद्धत आहे. हवा कमी पडली की लाकूड धुमसते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो, नळी थंड होते आणि डांबर साचते. वर सांगितलेला उलट दाब नेमका याच वेळी तयार होतो आणि याच वेळी सगळे झोपलेले असतात. झोपण्याआधी जाळ नीट जळून संपू द्या. सहरीला अंग गरम राहावे म्हणून जाड पांघरूण बरे.

आणखी एक. रोज्यात डोके दुखले, गळाल्यासारखे वाटले, तर आपण म्हणतो की चहा चुकला, रोजा लागला. पण घरातल्या एकाहून अधिक माणसांना एकदम असे होत असेल, रोजा नसलेल्या लहान मुलांनाही होत असेल, ताप नसेल आणि बाहेर गेल्यावर बरे वाटत असेल, तर रोज्याला दोष देऊ नका. सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत न्या आणि ९९९ वर फोन करा. डॉक्टरांना शेगडीबद्दल आठवणीने सांगा, म्हणजे ते रक्ताची तशी तपासणी करतील.

लाकूडही कोरडे हवे. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडात ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा लागतो. ओल्या लाकडाने नळी काळी होते आणि चांगला सांधाही कुजतो. धुराडे वर्षातून एकदा तरी, आणि लाकूड रोज जळत असेल तर दोनदा, झाडून घ्या. झाडणाऱ्याला सांध्यावर नजर टाकायला सांगा.

आणि आपल्याकडे

महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल की आपल्याकडे कुठे शेकोट्या आणि धुराडी? पण हाच वायू आपल्या न्हाणीघरातल्या गॅस गीझरमधून निघतो. लहान न्हाणीघर, बंद खिडकी, आत गीझर आणि त्याचा धूर बाहेर नेणारी नळी नाहीच, किंवा आहे ती निखळलेली. थंडीच्या दिवसांत अशा न्हाणीघरात माणूस बेशुद्ध होऊन पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. गॅस गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. धुराची नळी बाहेर उघडणारी आणि सांध्यात घट्ट असावी. हवेची जाळी बुजवलेली नसावी. प्रश्न तोच आहे: धूर जिथून निघतो तिथपासून बाहेर पडेपर्यंत त्याची वाट अखंड आहे का?

तेव्हा पत्रलेखिका भगिनींना सांगणे इतकेच. सिमेंटचा डबा आणायला हरकत नाही, पण तो क्रमातला चौथा आहे. आधी धुराडे झाडून तपासून घ्या, योग्य मापाची अखंड नळी बाणाच्या दिशेने सोडा, कोरडी जुळणी आणि स्क्रू स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, मग लिंपू द्या. आणि धुराची परीक्षा होऊन कागद हातात येईपर्यंत शेगडी पेटवू देऊ नका. घरच्यांना राग आला तरी चालेल.